पांढऱ्या भिंतीला जांभळी कड

पुन्हा तेच! चुन्याची पांढरी भिंत, वर ढगाळ आभाळ, आणि फोटोच्या एका कडेला जांभळट छटा, दुसरीकडे हिरवट. जुनी, परवडणारी १५ मिमीची, खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स डिजिटल रेंजफाइंडरला (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्याला) लावली की हा छळ ठरलेलाच.

लेन्स वाईट नाही हो! फिल्मवर तिचे रंग कडेपर्यंत स्वच्छ येतात. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसतो, म्हणून लेन्सचा मागचा भाग पार आतपर्यंत जातो. म्हणूनच ती इतकी चिमुकली. पण मग कोपऱ्यात प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं काही वाटत नाही. सेन्सरवरच्या काचेला आणि सूक्ष्म भिंगांना मात्र तो झेपत नाही.

वर सल्ले! ‘सॉफ्टवेअरमध्ये काढून टाक.’ काढतो ना. लेन्ससमोर दुधी प्लास्टिक धरून वेगळा फोटो घ्यायचा, मग त्यावरून दुरुस्ती करायची. ‘ब्लॅक अँड व्हाइट कर.’ का म्हणून? मला त्या भिंतीतलं निळं दार निळंच हवंय!

त्यात कॅमेऱ्यातल्या फाइंडरची, म्हणजे त्या बघायच्या खिडकीची, चौकट सहसा २८ मिमीपर्यंतच; १५ मिमीचं रुंद दृश्य तिच्यात मावत नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फाइंडर बसवा, त्याचे पैसे वेगळे. २०१५ मध्ये आलेल्या फॉइग्टलेंडर कंपनीच्या १५ मिमी हेलियार लेन्सच्या तिसऱ्या आवृत्तीने रंगांचं दुखणं बरंच कमी केलं, पण ती आधीच्यापेक्षा मोठी आणि जड. जुन्या लेन्सा विकणाऱ्यांनी निदान एवढं तरी आधी सांगावं: डिजिटलवर कडा रंगतात.