बाइंडिंग वायरवर लटकलेला सायलेन्सर

आज सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर एकच विषय चाललाय. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या ओळीतल्या एका मुलाच्या स्पोर्ट्स कारचा आवाज. आणि फिरून फिरून सूर तोच, की ही पोरं मोबाइलवर बघून घरीच गाडी उघडतात, काहीतरी ठोकतात आणि ताप सगळ्या गल्लीला. एका काकांनी तर घरी गाडीला पाना लावायलाच बंदी घाला म्हणून लिहिलं.

काका, तुमचा मान ठेवून विचारायचंय, गाडीखाली कुणी वाकून बघितलं का?

मी बघितलं. संध्याकाळी गाडी जॅकने उचलून लोखंडी स्टँडवर घेतली, टॉर्च लावला. सायलेन्सर बदलायचं ते काम घरी झालेलंच नाही. दुकानात झालंय, रोख पैसे मोजून. सायलेन्सर ज्यावर लटकतो तो डाव्या बाजूचा रबर हँगर गायब. त्याच्या जागी बाइंडिंग वायर, सेंट्रिंगवाले सळ्या बांधतात तीच, तीन वेढे घालून पक्कडीने पिळलेली. जोडाभोवती काळी काजळी, म्हणजे तिथून गॅस गळतोय. टेलपाइपचं तोंड बंपरला इतकं चिकटलेलं की प्लॅस्टिकची खालची कड फुगून तिला फोड आलेत. हे सगळं नवं काम आहे.

आपल्यापासून तासाभराच्या आत, पीथमपूरला, नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. देशभरातल्या गाड्या तपासायला तिथे येतात. आणि त्याच भागात गिऱ्हाइकाच्या गाडीला बाइंडिंग वायर बांधून पाठवतात. राग येणार नाही तर काय येईल?

रबर हँगर शोभेला नसतो. इंजिन स्वतः रबर माउंटवर डुलत असतं, त्याच्याबरोबर पूर्ण एक्झॉस्ट, म्हणजे धुराची सगळी नळी, हलतो. शिवाय स्टेनलेस पाइप तापला की लांबतो. दीड मीटरचा पाइप साडेतीनशे अंशांनी तापला तर जवळजवळ 9 मिलिमीटर वाढतो. ती वाढ रबर पोटात घेतो, वायर घेत नाही. मग जोर जातो वेल्डिंगवर आणि फ्लँजवर, म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांवर, आणि काही महिन्यांत तिथे चीर पडते. म्हणून पाइपाभोवती सगळीकडून निदान 20 मिलिमीटर मोकळं हवं, आणि टेलपाइप बंपरच्या बाहेर साधारण 10 ते 20 मिलिमीटर यायला हवा. आत राहिला तर बंपर वितळतो आणि गरम धूर गाडीखाली कोंडतो. या गाडीत दोन्ही मापं चुकलीत.

आता घरच्या कामाबद्दल. मागचा सायलेन्सर फ्लँज किंवा क्लॅम्पने जोडलेला असेल तर ते एका सकाळचं काम आहे आणि हातच्या अवजारांनी होतं. वेल्डिंग करून जोडलेला असेल तर कापावं लागतं. तिथे मात्र घर सोडा आणि नीट टिग वेल्डिंग करणाऱ्याकडेच जा. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलजवळच असते, गाडीखाली ठिणग्या पाडायची ती जागा नव्हे. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. 304 स्टेनलेसला 304 जोडायचं तर 308एल रॉड, साध्या लोखंडाला स्टेनलेस जोडायचं तर 309एल. या मुलाच्या जोडावर कुणीतरी लोखंडाचा साधा रॉड फिरवलाय. एका पावसातच तांबडा गंज धरेल.

लिफ्टवर काम सोपं जातं, हे मान्य. पण लिफ्ट आहे म्हणून काम चांगलं होतं असं नाही, हे आज डोळ्यांनी दिसलं.

घरी करायचं तर पहिली गोष्ट, जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही, मिनिटभरासाठी सुद्धा नाही. जॅक उचलण्यासाठी, स्टँड पेलण्यासाठी. विटा नकोत, वीट भाराखाली न सांगता फुटते. आपल्याकडे पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, ते दबतात, म्हणून स्टँडखाली 18 मिलिमीटरचा प्लायवूडचा तुकडा घाला. आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांना, गिअरची पकडही मागच्या चाकांना. मागची बाजू उचलली की गाडी धरून ठेवणारं काहीच उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावलीच पाहिजे. स्टँडवर गाडी बसली की बाजूने हाताने चांगली ढकलून बघा. हलली तर परत बसवा. काढलेलं चाक सिलखाली, म्हणजे दाराखालच्या कडेखाली, आडवं सरकवून ठेवा.

आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रबरांवर मात्र तो मारू नका, रबर फुगतं. रबरासाठी साबणाचं पाणी पुरतं. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा. सॉकेट सहा कोनांचा घ्या, बारा कोनांचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. नट अडला तर आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा, असं मागेपुढे करत काढा. एकदम झटका दिला की स्टड तुटतो, मग ड्रिल करून आरपार बोल्ट टाकत बसावं लागतं. शेवटचा हँगर काढण्याआधी सायलेन्सरखाली दुसरा जॅक लावा. मूळ सायलेन्सर चांगला जड असतो, छातीवर आला तर बरगडी जाईल.

बसवताना गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, नवीन. जुनी गॅस्केट एकदा दबली की परत नीट बसत नाही, गळणारच. रबर चिरलेले असतील तर तेही नवीन घ्या, सियागंजात आणि स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. सरकून बसणारा जोड असेल तर पाइप 40 ते 50 मिलिमीटर आत गेला पाहिजे. सगळं आधी सैलच लटकवा. दोन्ही टेलपाइप मागून उभं राहून बघा, उंची जुळवा, मग पुढून मागे आवळत या. मागून पुढे आवळलं की सगळा वाकडेपणा पुढच्या जोडावर येतो आणि रबरं एका अंगाला ओढली जातात. आठ एमएमच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर, दहाच्याला 40 ते 50. क्लॅम्पवर कंपनीने आकडा दिला असेल तर तोच पाळा. स्टेनलेसच्या बोल्टला अँटीसीझ ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी नट जाम.

मग गाडी उघड्यावर आणून चालू करा. बंद पार्किंगमध्ये नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एकाने जाड हातमोजे घालून टेलपाइपच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर धरायचं, दुसऱ्याने जोडावर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे आले की गळती. पहिल्यांदा थोडा धूर येतो, ते कारखान्यातलं तेल जळतंय, घाबरू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर गाडी थंड झाली की सगळे नट परत एकदा बघा.

एवढंच आहे. यात कुठलं जादूचं काम आहे जे दुकानदाराला जमतं आणि घरी जमत नाही?

पण आता मुलांनो, तुमच्याशीही बोलायचंय, कारण ग्रुपवरचे काका पूर्ण चुकीचे नाहीत. रात्री साडेअकराला सुपर कॉरिडॉरवरून जे फटाके फोडत येता, त्याला छंद म्हणत नाहीत. आजारी माणूस घरात असलेल्याला विचारा. गंमत म्हणजे त्यातून हाती काही लागतही नाही. टर्बो गाडीत नुसता मागचा सायलेन्सर बदलून ताकद जाणवण्याइतकी वाढत नाही. वाढतो तो आवाज, आणि आवाजातही चांगला-वाईट असतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात, त्यांत आवाजाच्या लाटा एकमेकींना मारतात. सरळ नळीच्या सायलेन्सरमध्ये छिद्रांची नळी आणि भोवती काचेचे तंतू, तो तीक्ष्ण आवाज पितो पण खालची घूं-घूं तशीच सोडतो. चार सिलिंडरचं इंजिन 2000 आरपीएमला सेकंदाला जवळपास 67 धमाके करतं. बायपासवर ऐंशीच्या वेगाने तीच घूं-घूं आतल्या माणसांचं डोकं उठवते. ती मारायला बंद टोकाची बाजूची नळी जोडतात, पण एवढ्या खालच्या सुरासाठी ती सव्वा-दीड मीटर लांब लागते, आणि आपल्या गाड्यांखाली तेवढी जागा कुठे असते? म्हणून घेतानाच मधला रेझोनेटर, म्हणजे घूं-घूं कमी करणारा मधला डबा, तसाच ठेवा आणि कप्प्यांचा सायलेन्सर घ्या. धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, तो विषय इथे नाहीच.

कायद्याचंही सांगतो, नीट वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. आवाजाचं प्रमाण मोडलं तर कलम 190(2) खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, वर 3 महिने लायसन्स जातं. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. त्यामुळे नवीन सायलेन्सर मूळच्या आवाजाच्या आसपासच हवा. बदलण्याआधी मोजा, बदलल्यावर मोजा. फोन टेलपाइपच्या उंचीवर, तोंडापासून 50 सेंटिमीटरवर, 45 अंशांत, दोन्ही वेळी त्याच आरपीएमवर. फोनचा आकडा न्यायालयात चालणार नाही, पण दोन आकड्यांतला फरक खरं सांगतो. 10 डेसिबल वाढले म्हणजे कानाला दुप्पट.

त्या मुलावर माझा राग नाही. नोकरीला लागल्यापासून पैसे साठवून घेतलेली जुनी गाडी आहे. बंपरची फोड आलेली कड बोटाने चाचपत तो गप्प उभा होता. त्याला कुणीही सांगितलं नव्हतं की हँगर नसणं म्हणजे काय. ग्रुपवर त्याला झोडपणाऱ्यांपैकी एकानेही त्याला घरात बोलावून विचारलं नाही. दुकानदाराला तर कुणी प्रश्नच केला नाही.

रविवारी ती वायर काढायची, दोन नवे रबर आणि गॅस्केट टाकायची, टेलपाइप 15 मिलिमीटर बाहेर घ्यायचा. ज्यांना शिकायचंय त्यांनी सकाळी आठला या, हातमोजे आणि चष्मा घरून आणा. आणि तू, आधी उद्या दुकानात जाऊन तुझा मूळ सायलेन्सर परत माग. तो तुझा आहे, भंगाराचा नाही. गाडी विकताना, विम्याच्या वेळी, चौकात अडवल्यावर तोच लागेल. आणलास की उभा करून आतलं पाणी काढ, नट-बोल्ट पिशवीत घालून त्यालाच बांध आणि माळ्यावर ठेव.