पोर्तुगीज काळातली एचएमटी

गोव्यात जुने मनगटी घड्याळ विकत घ्यायचे म्हणजे आधी एखाद्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, वंशावळ ऐकून घ्यावी लागते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो वा हणजुणचा बुधवारचा, किल्लीच्या प्रत्येक घड्याळामागे एक भाटकार असतोच, तो बहुधा लिस्बनला जाऊन आलेला असतो, आणि त्याच्या नातवंडांना या वस्तूची किंमत कळत नाही म्हणूनच ती आपल्यासारख्या जाणकाराच्या हाती लागत आहे, असे आपल्याला पटवून दिले जाते. या कथेत थोडे तथ्यही आहे, हीच खरी पंचाईत. भारतात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात पोर्तुगीज गोव्यात स्विस घड्याळे मिळत असत आणि तिथून ती चोरवाटांनी भारतात जात. त्यांतली काही इथल्याच जुन्या घरांच्या कपाटांत राहून गेली.

मला मात्र एका विक्रेत्याने त्या काळातली म्हणून चक्क एचएमटी दाखवली. ‘पात्रांव, आज्याचें हें,’ तो म्हणाला, ‘पुर्तुगेज तेंपार घेतिल्लें.’ एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली ती १९६१ साली, आणि गोवा मुक्त झाला तोही १९६१ सालीच, १९ डिसेंबरला. म्हणजे हे घड्याळ खरे मानायचे तर आजोबांनी मधल्या थोडक्या महिन्यांत ते पैदा करून, पोर्तुगीज शिपायांची नजर चुकवून, सीमेवरच्या पत्रादेवीच्या बाजूने आत आणले असे मानणे भाग होते. सगळे जग घड्याळे गोव्याबाहेर नेत असताना उलट्या दिशेने तस्करी करणाऱ्या त्या गृहस्थांविषयी मला नितांत आदर वाटला.

कथेतून सुटका झाली की वस्तूकडे वळता येते, आणि इथे लहानपणापासून झालेले सगळे संस्कार गुंडाळून ठेवावे लागतात. स्वच्छता, टापटीप, चकाकी हे एरवीचे सद्गुण जुन्या घड्याळाच्या बाबतीत गुन्ह्याचे पुरावे ठरतात. तबकडी जितकी लख्ख तितकी ती पुन्हा रंगवलेली असण्याची शक्यता अधिक. आमच्याकडे बिचाऱ्या फेवर ल्युबा या स्विस घड्याळावर हा प्रयोग सर्वाधिक होतो, आणि मूळ कंपनीच्या स्वप्नातही न आलेल्या नारंगी, पोपटी तबकड्या त्या नावाने विकल्या जातात. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावले की अक्षरे टीपकागदावर पडलेल्या शाईसारखी फुगलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि सहाच्या आकड्याखालचे ‘स्विस मेड’ कधी वाकडे असते, तर कधी रंगाऱ्याच्या विस्मरणामुळे गायबच असते.

रेडियमची परीक्षा तर माणसाची अब्रू काढणारी आहे. मूळ रेडियम निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात, परंतु त्याच्या किरणांनी उजळणारा लेप काही दशकांतच थकून जातो. तेव्हा साठ वर्षांपूर्वीचे म्हणवणारे काटे अंधारात झगझगीत चमकत असतील तर तो लेप कालपरवाचा समजावा. आता भर बाजारात सकाळी अकरा वाजता अंधार आणायचा कुठून? मी घड्याळासकट डोके कापडी पिशवीत घातले. बाहेर आलो तेव्हा शेजारी चोरीसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा विकणारी बाई आपली टोपली माझ्यापासून किंचित दूर सरकवत होती.

पुढचे काम मी आमच्या वृद्ध घड्याळजींवर सोपवतो. मागचे झाकण उघडू देणारा विक्रेता निम्मा प्रामाणिक, असा त्यांचा हिशेब आहे. ते आधी मशीनवरचे नाव तबकडीवरच्या नावाशी ताडून पाहतात, मग स्क्रूंच्या खाचा पाहतात, कारण त्या ओरबाडलेल्या असल्या तर आत पूर्वी कोणीतरी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन गेलेले असते. किल्ली देण्याच्या दांड्यापाशी तांबूस डाग असला तर आपल्या पावसाळ्याने आत प्रवेश मिळवला आहे असे समजायचे. समुद्राचा खारा वारा, जूनपासूनची दमट हवा आणि कोरडे पडलेले रबर एवढ्या भांडवलावर पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. शेवटी ते घड्याळ कानाशी धरून डोळे मिटतात. त्या काळच्या बहुतेक मशीनचे ठोके ताशी १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच पडतात, आणि त्यांत लंगडेपणा असला तर तो त्यांना ऐकू येतो. मला मात्र त्या वेळी फक्त मासळीवाल्या ऐकू येतात.

एका फेवर ल्युबावर त्यांनी निकाल दिला, ‘मशीन उत्तम, तबकडी खोटी, केस घासून घासून साबणाची वडी केलेली, आणि पट्टा तुमच्या मुलापेक्षाही लहान.’ तबकडी रंगवलेली आहे, तेव्हा किंमत कमी करा, असे मी विक्रेत्याला विजयी मुद्रेने सांगितले. तो मुळीच गडबडला नाही. रंगाऱ्याने तो नवा रंग काय फुकट मारला होता, असे विचारून त्याने किंमत दोनशे रुपयांनी वाढवली, आणि घड्याळजींनी, ज्यांना मी माझ्या बाजूने आणले होते, रंगाचा दर आता तेवढाच पडतो, अशी त्याला साक्ष दिली.