आमचं काहीच म्हणणं नाही

आमचं लग्न फेब्रुवारीत आहे ते शुक्रामुळे. मला डिसेंबर हवा होता. गारवा, मेकअप ओघळायची भीती नाही, ऑफिसात वर्षअखेरीची सामसूम. पण डिसेंबरात शुक्राचा अस्त होतो, आणि स्वारी परत उगवणार ती थेट फेब्रुवारीच्या तोंडाशी. तोवर पंचांगात विवाहमुहूर्तांच्या जागी शुकशुकाट. मधे पौष आहेच, ज्यात आमची आजी घरात नवा पायपुसणाही येऊ देत नाही. त्याआधीचा चातुर्मास तर मोजायलाच नको. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत, आणि तुळशीचं लग्न ते शुक्राचा अस्त या चिंचोळ्या पट्टीतली पुण्यातली सगळी कार्यालयं आमचं जमण्याआधीच कुणीकुणी अडवून ठेवलेली.

बाबांनी एकदा चहा पिता पिता रजिस्टर लग्नाचं सुचवून पाहिलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवस आधी नोटीस द्यायची, 3 साक्षीदारांच्या सह्या, संपला विषय. मला तर बाबांना मिठीच मारावीशी वाटली. पण आईच्या बहिणी चार आणि बाबांच्या दोन. त्यांतून साक्षीदार तीन निवडायचे म्हटल्यावर उरलेल्या तिघींशी आयुष्यभर बोलणं बंद. बाबांनी कप बशीत ठेवला आणि कार्यालय बघायला निघाले.

नवरदेव नागपूरचे. हिंजवडीत एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, एकाच कॉफीच्या मशिनवर वैतागत आमचं जमलं, त्यामुळे आमच्यात काही ठरवायचं शिल्लकच नव्हतं. याद्यांची बैठक तेवढी राहिली होती. सासरची मंडळी आली, पोहे झाले, आणि होणाऱ्या सासऱ्यांनी पेल्यातलं पाणी संपवून अत्यंत मोकळेपणाने सांगितलं, ‘‘हे पाहा जी, आमचं काहीच म्हणणं नाही. मुलगी आणि नारळ द्या.’’

बाबांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांची दया आली. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की मराठी लग्नात एवढं महागडं वाक्य दुसरं नाही. ज्यांचं म्हणणं असतं ते यादी देतात, यादीवर घासाघीस करता येते. ज्यांचं काहीच म्हणणं नसतं त्यांच्याशी कशावर घासाघीस करणार? त्यांचं फक्त एक ‘फक्त’ असतं. ते उभं राहून, चपला घालताना सांगायचं असतं.

‘‘फक्त वऱ्हाड रातभर प्रवास करून येईल ना, तर सकाळी पोहे तर्रीचे असले तर बरं.’’

आमच्या केटररने आयुष्यात पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि फार तर लिंबाची फोड एवढंच पाहिलेलं. तर्री म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, पोह्यांवर ओतायचा, हे ऐकून तो मिनिटभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘ताई, मिसळीचा कट चालेल का?’’ मी ते नवरदेवांना विचारलं, त्यांनी त्यांच्या काकांना विचारलं, आणि काकांनी फोनवर जो उसासा टाकला तो स्पीकर न लावताही मला ऐकू आला. शेवटी नागपूरहून एक आचारी वऱ्हाडासोबत येतोय. त्याचं जाणं-येणं, राहणं आणि आहेर आमच्याकडे.

दुसरं ‘फक्त’ सासूबाईंचं. मी त्यांना अजून काकू म्हणते आणि त्या दर वेळी ‘‘आता आई म्हणत जा गं’’ म्हणतात. त्या म्हणाल्या, ‘‘तारीख तुम्ही कोणतीही धरा, फक्त अधिकाच्या आत पाहा.’’ आईने मान डोलावली, त्यांना निरोप दिला, दार लावलं आणि कॅलेंडर काढलं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे फेब्रुवारीत लग्न, आणि हळदीचा रंग उतरतो न उतरतो तोच जावयाला अधिकाचं वाण. 33 अनारसे, चांदीचं काहीतरी, पोशाख. बाबा म्हणाले, चांदीचं निरांजन देऊ, एवढुसं. आई म्हणाली, निरांजन देता येईल, अनारशांचं काय?

अनारशांचं खरंच काय, हे मला त्या रात्री कळलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत पंच्यावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, गूळ घालून गोळा मुरत ठेवायचा. खसखशीवर थापून तुपात सोडला की खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने नुसतं तूप उडवत राहायचं. आणि एवढं करून तो कढईत हसला, म्हणजे फिस्कटून तुपभर झाला, की घाणा वाया. आईचे दिवाळीला निम्मे हसतात. 33 धड हवेत तर किती थापायचे, हे गणित तिने किराणा यादीच्या पाठीमागे मांडून ठेवलंय. हा कागद फ्रिजवर लावलाय. लग्नाचं बजेट मात्र अजून कुठे लिहिलेलं नाही.

सोन्याबद्दल मी बोलणार नाही. तोळा लाखाच्या वर गेल्यापासून आमच्या घरात त्या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नाही. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची, एक सासरची, एवढ्यावर दोन्हीकडे एकमत आहे. दोन्ही वाट्या एका मापाच्या हव्यात, यावरही. माप कोणी आधी सांगायचं, तिथे गाडी अडलीय.

पैठणी घ्यायला लक्ष्मी रोडला गेलो तेव्हा मी सोडून सहाजणी होत्या. दुकानदारांनी पांढऱ्या गादीवर बसवलं, चहा सांगितला आणि पहिलाच प्रश्न मला न विचारता आजीला विचारला, ‘‘काय बजेट धरायचं, आजी?’’ आजी म्हणाली, ‘‘तुम्ही दाखवा हो.’’ हे वाक्य आजी गेली साठ वर्षं म्हणत आलीय आणि अजून एकाही दुकानदाराला तिचं बजेट कळलेलं नाही. मग घडीवर घडी उलगडत गेली. मोरबांगडी, मुनिया, आसावली, कमळ. मामीने प्रत्येक पदर उलटा करून बघितला, कारण हातमागाच्या खऱ्या पदराची नक्षी मागूनही तशीच दिसते, धागे लोंबत नाहीत. ते तिला येवल्यात कुणीतरी शिकवलं होतं आणि तेव्हापासून तिने चारचौघांत कितीजणींचे पदर उलटे करून पाहिलेत त्याला गणती नाही. मला एक जांभळी आवडली. म्हणजे मनापासून आवडली. मी ती उचलायच्या आत मोठी मावशी म्हणाली, ‘‘छान आहे, पण मुलीला हिरवी घ्या, जांभळी विहीणबाईंना होईल.’’

तर जांभळी पैठणी सासूबाईंना झाली आहे. त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. त्यांनी फक्त फोटो पाठवायला सांगितला होता आणि त्या ढिगातून बरोबर तीच निवडली. आमच्या आवडी जुळतात, हे सगळ्यांनी शुभलक्षण मानलंय.

आत्या मंगलाष्टकं रचते आहे. शार्दूलविक्रीडितात, ओळीला 19 अक्षरं, लघु-गुरू चोख. त्यात तिला दोन्ही घरांतली सगळी नावं बसवायची आहेत. ज्यांच्या नावात सलग चार लघु येतात त्यांना तिने फोन करून पाळण्यातलं नाव विचारलंय. परवा रात्री अकराला तिचा फोन आला. ‘‘ऐक,’’ म्हणाली, आणि चालीवर सुरू झाली,

‘‘मामांनी दिधली हिला सुखकरी वॉशिंगची यंत्रणा…’’

मी म्हटलं, आत्या, आहेराची यादी भटजींसमोर गायची का? ती म्हणाली, ‘‘वृत्त बघ ना! बाराव्या अक्षरावर यती! वॉशिंग मशीन म्हटलं असतं तर मोडलं असतं.’’ वृत्तात खोट काढता येत नाही, हे मलाही मान्य करावं लागलं. आता काकांना शंका आली आहे की त्यांनी दिलेला मिक्सर कुठल्या कडव्यात आहे. मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा. आत्याची कडवी, मग नागपूरच्या काकूंची कडवी, मग भटजींची अधिकृत. हातात अक्षता धरून साडेतीनशे माणसं, आणि अंतरपाटाच्या अलीकडे मुंडावळ्यांमधून घाम पुसायला हात मोकळा नसलेली मी.

फोटोग्राफरबद्दल एवढंच, की त्याने आम्हाला मेणवलीच्या घाटावर पहाटे उभं केलं आणि ‘‘नॅचरल हसा’’ असं तासभर ओरडत राहिला.

राहता राहिला हनिमून. तो तरी आमच्या दोघांचा, अशी माझी समजूत होती. नवरदेवांना विचारलं, कुठे जायचं? ते म्हणाले, ‘‘तुला आवडेल तिथे. माझं काहीच म्हणणं नाही.’’ शेवटी मुलगा त्याच घरातला. मी मालदीव म्हटलं. व्हिसा आधी काढायला लागत नाही, जाऊन पडायचं. ते म्हणाले, चालेल की, फक्त चार दिवस नुसतं पाणी बघून कंटाळा नाही ना येणार? मनाली म्हटलं. फक्त त्यांना थंडी बाधते. केरळ म्हटलं, हाउसबोट म्हटलं. त्यांनी वाचून काढलं की संध्याकाळी ती बोट काठाला बांधून ठेवतात, रात्री चालतच नाही. ‘‘मग ते हॉटेलच झालं ना?’’

हे आम्ही केळवणाच्या ताटावर बोलत होतो ही मोठी गफलत. बाबांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘अंदमानला जा. सावरकरांची कोठडी बघून या.’’ त्या क्षणी त्या खोलीत जे झालं ते याद्यांच्या बैठकीतही झालं नव्हतं. पुणे आणि नागपूर, दोन्ही पक्ष, एका सुरात ‘वा’ म्हणाले. सासऱ्यांचे डोळे भरून आले. राधानगर बीचही आहे तिथे, असं मी बारीक आवाजात म्हणून पाहिलं. मोठे काका म्हणाले, ‘‘बीच काय, दिवेआगरलाही आहे.’’

म्हणजे सात पावलं चालून झाली की आम्ही सात पाकळ्यांच्या तुरुंगात. आता त्यांतल्या तीनच उरल्या आहेत, असं नवरदेवांनी मला समजावलं, जणू त्याने सुटका थोडी सोपी होते. त्याआधी सासरी सत्यनारायण, मग माहूरला रेणुकेचं दर्शन, मग जेजुरी, जिथे नवऱ्याने बायकोला उचलून काही पायऱ्या चढायची पद्धत आहे. त्यासाठी नवरदेवांनी जिम लावली आहे. त्यांचे दंड अजून होते तसेच आहेत. माझ्या डाएटबद्दल मात्र ते हल्ली फार आपुलकीने चौकशी करतात.

विमानाची तिकिटं बघायला बसलो, पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर (आताचं श्रीविजयपुरम), तेव्हा सासूबाईंचा फोन आला. स्पीकर चालू होता. ‘‘तुमच्यामधे आम्ही मुळीच येणार नाही बाप्पा,’’ त्या म्हणाल्या, ‘‘फक्त यांनाही ती कोठडी पाहायची होती कधीची. विमान एक घेऊ, हॉटेल वेगळं.’’ तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. बाबा आमच्या घरी नव्हते, आईला घेऊन मुंजीच्या आमंत्रणाला नागपूरला गेले होते. ‘‘हॉटेल वेगळं कशाला,’’ बाबा म्हणत होते, ‘‘चार खोल्या एकदम घेतल्या तर दर कमी पडतो.’’ चौथी खोली कुणाची, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण वृत्तात ‘अंदमान’ कुठे बसेल असं आत्या सकाळीच विचारत होती.

ट्रॅव्हल्सवाला मुलगा मात्र फार समजूतदार निघाला. त्याला यात काही नवीन वाटलं नाही. त्याने यादी घेतली, ज्येष्ठ नागरिक किती, खालच्या मजल्यावर कोण, बिनकांदालसूण कोण, सगळं टिपून घेतलं. मग पॅकेज वाचून दाखवताना जरा थबकला.

‘‘मॅडम, समुद्रकिनारी कँडल लाइट डिनर आहे यात. सातजणांचं करून देतो मी, टेबलं जोडून. फक्त केक एकच येईल, आणि त्यावर दोघांचीच नावं बसतील.’’