रोज चालता, उत्तमच. पण मांड्यांचं काय?

पुढचं वाचण्याआधी एक चाचणी करून बघा. डायनिंग टेबलची साधी खुर्ची घ्या, तिची पाठ भिंतीला लावा म्हणजे सरकणार नाही. हातांची छातीवर घडी घाला. आता पूर्ण उभं राहायचं आणि पूर्ण बसायचं, असं सलग ५ वेळा, जमेल तितक्या भरभर. मोबाइलवर वेळ लावा. आशियाई लोकांसाठी २०१९ साली सुधारलेल्या निकषांप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू क्षीण होत असल्याची शंका घेतात. आणि पहिल्याच वेळी हात आपोआप मांडीवर टेकला असेल, तर वेळ मोजायचीही गरज नाही.

बागेत रोज ४ किलोमीटर चालणारी कितीतरी मंडळी इथे अडकतात. "मी तर एक दिवस चुकवत नाही!" खरं आहे. पण चालण्याने दम टिकतो, ताकद फारशी वाढत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. म्हणून ही पोस्ट.

स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथ, न थकता तासन्‌तास काम करणारे. दुसरे झटक्याचे: खुर्चीतून उठणं, बसच्या उंच पायरीवर चढणं, ठेच लागल्यावर पुढचा पाय पटकन टाकून तोल सावरणं ही त्यांची कामं. वय वाढतं तसे मुख्यतः हे झटक्याचे तंतू बारीक होतात. शिवाय पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या काही चेतापेशी मरतात. त्यांच्या ताब्यातले काही तंतू शेजारची चेतापेशी सांभाळते, उरलेले सुकून जातात. सपाट रस्त्यावरचं संथ चालणं झटक्याच्या तंतूंना फारसं कामाला लावतच नाही. म्हणून तासभर चालणारा माणूसही पेव्हर ब्लॉकच्या कडेला अडखळतो आणि पडतो.

आकडे बघा. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. ताकद त्याहून लवकर उतरते, आणि ताकद झटक्यात वापरण्याची क्षमता सगळ्यांत लवकर. दमाचं म्हणाल, तर बैठ्या माणसाची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी खाली येते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल गतीही घटते. २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा, म्हणजे सत्तरीत साधारण १५९. ही घट व्यायामाने थांबत नाही. पण एका ठोक्याला हृदय किती रक्त ढकलतं आणि स्नायू त्यातला किती प्राणवायू उचलतात, हे सरावाने सुधारतं.

"वय झालं, आता जपून" हे वाक्य मला मनापासून खटकतं, कारण यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती हे कुणी तपासतच नाही. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली विशीतल्या ५ तरुणांना ३ आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्याच ५ जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं. तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने त्यांची काम करण्याची क्षमता जितकी घसरली होती, तितकी ३० वर्षांच्या वयानेही घसरली नव्हती! आणि सहा महिन्यांच्या सरावाने पन्नाशीत त्यांचा दम पुन्हा विशीतल्या पातळीवर आला. ताकदीचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. १९९० साली बोस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या १० जणांना पायांनी जड वजन उचलायला लावलं, आठवड्यातून ३ दिवस, ८ आठवडे. नऊ जणांनी ते पूर्ण केलं. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीचपटीहून जास्त. नव्वदीत!

आपल्याकडे हा व्यायाम पूर्वी दिवसभरात आपोआप घडायचा. पाटावर जेवायला बसणं, विळीवर भाजी चिरणं, उकिडवं बसून केर काढणं, भारतीय पद्धतीचा संडास. कमोड आणि डायनिंग टेबल सोयीचे आहेतच, गुडघ्याच्या दुखण्यात गरजेचेही आहेत. पण दिवसातल्या वीस-पंचवीस उठाबशा त्यांनी नेल्या, त्या कुठेतरी परत आणाव्या लागतील.

सुरुवात खुर्चीपासूनच करा. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं खांद्याइतकी रुंद, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत कमरेतून पुढे झुका आणि टाचांवर जोर देऊन उठा. बहुतेक जण झुकतच नाहीत, सरळ वर उठू बघतात. मग सगळा भार गुडघ्यांवर येतो आणि "गुडघे दुखतात" म्हणून व्यायाम सुटतो. उठताना गुडघे एकमेकांकडे वळू देऊ नका. बसताना मनात तीनपर्यंत मोजत सावकाश बसा, धपकन नाही, कारण खाली येतानाही स्नायू तितकंच काम करतो. उठताना मात्र झटक्यात. श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो. सोपा उपाय म्हणजे आकडे मोठ्याने मोजा.

असे ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, एकूण ३ फेऱ्या, आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस सोडून. हात टेकल्याशिवाय जमत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि दर आठवड्याला ती कमी करत न्या. शेवटी "आणखी दोनच जमले असते" असं वाटलं पाहिजे. दहा आरामात व्हायला लागले की वजन वाढवायचं: पाठीवरच्या सॅकमध्ये १ लिटरची भरलेली बाटली म्हणजे १ किलो, मग दोन, मग ५ किलोची तांदळाची पिशवी. सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. तीच खुर्ची, तेच दहा, दोन वर्षं. स्नायू पहिल्या दोन महिन्यांत जुळवून घेतो आणि तिथेच थांबतो. अर्धा किलोचे डंबेल्स वर्षानुवर्षं हलवणाऱ्यांचंही तेच होतं.

सोबत स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा, भिंतीला हात टेकून जोर १० वेळा, आणि जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार, प्रत्येक पायाने १०. तोलासाठी ओट्यापाशीच एका पायावर १० सेकंद उभं राहायचं, रोज.

चालणं सोडू नका, त्यात वेग आणा. जपानमधल्या मात्सुमोतो शहरातली पद्धत सोपी आहे: ३ मिनिटं भरभर, ३ मिनिटं सावकाश, अशा ५ फेऱ्या, आठवड्यातून ४ दिवस. भरभर म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनी नाडी मोजत बसू नये. त्या गोळीने ठोके दबलेलेच राहतात, बोलण्याचीच कसोटी खरी.

खाण्यात प्रथिनं कमी पडतात, विशेषतः सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री वरण-भात अशा घरांत. उतारवयात वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. एका अंड्यात ६, कपभर दुधात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. वाटीभर पातळ वरणावर भिस्त ठेवून हा हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं डोळ्याचं ऑपरेशन, मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर आधी डॉक्टर. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवा. मांड्या दोन दिवस ठणकणं ठीक आहे. गुडघा दुसऱ्या दिवशी सुजला, तर वजन किंवा फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. गुडघे झिजलेल्यांना तर मांडीची ताकद हाच मोठा आधार असतो.

आणि आजारपणात सांभाळा. धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतला सुमारे १ किलो मांसल ऐवज गेला होता. म्हणून घरात कुणी तापाने किंवा ऑपरेशननंतर पडून असेल, तर डॉक्टरांनी उठायला परवानगी दिल्याच्या दिवसापासून जेवण खुर्चीत बसवून द्या. पलंगावर असतानाही दर दोन तासांनी पावलं वर-खाली २० वेळा, मांडी आवळून ५ सेकंद धरणं १० वेळा. ताप उतरल्यावर पुन्हा सुरू करताना पूर्वीच्या निम्म्या वजनाने, आणि पहिला आठवडा शेजारी कुणीतरी उभं असू द्या.