वकील फुकट मिळतो म्हणून काय झालं?

घरमालकाने वीज तोडली, बँकेची नोटीस आली, सावकार दारात येऊन बसला, तरी एक पथ्य पाळा. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे फिरकू नका. तालुक्याच्या कोर्टात त्यांची समिती असते, तिकडेही नको. १९८७ च्या कायद्याने तिथे वकील मिळतो, वर कोर्ट फीही भरावी लागत नाही. इतकं फुकट म्हणजे त्यात राम नसणारच! चुकून गेलातच, तर 'वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं' एवढं ऐकून मागे फिरा. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना ही अटच लागू नाही, हे अजिबात विचारू नका. १५१०० हा फोन नंबरही विसरा. शेजाऱ्याच्या मेव्हण्याला कायद्यातलं सगळं कळतं.

भाड्याच्या घरात असाल तर भाडं रोख द्या. पावती मागणं हा घरमालकाचा अपमान आहे. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने त्याच्यावरच टाकली आहे. तो केला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. तुम्ही मात्र 'कागदच नाही तर बोलणार काय' म्हणत मुकाट्याने सामान बांधा. पाणी-वीज तोडली तर कलम २९ खाली कोर्टाकडून पुन्हा जोडून घेता येते. त्यासाठी जुनी बिलं, बंद मीटरचा फोटो, मोबाईलवरून भाडं भरल्याच्या नोंदी लागतात, म्हणून त्या आधीच पुसून टाका.

कर्जाच्या नोटिशीवर रामबाण उपाय म्हणजे पोस्टमनला 'घरी कोणी नाही' सांगणं. (योग्य पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेली नोटीस न घेतली तरी पोचली असंच सहसा धरलं जातं, पण कायद्याचं कोण ऐकतो!) चेक वटला नसेल तर नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात, तेवढे रुसण्यात जातात. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटिशीत ६० दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. उगाच बँकेला लिहायला कशाला लावायचं? ताब्याची कारवाई झाली, की कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. ते शाखाधिकाऱ्याच्या 'बघू या' वर काढा आणि लिलावाची जाहिरात पेपरात आली की मगच वकील शोधायला निघा.

सावकाराकडे परवाना आहे का, हे विचारू नका. कर्जापोटी त्याने जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर गप्प बसा; २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक चौकशी करून असा व्यवहार रद्द ठरवू शकतात आणि जमीन परत मिळाली तर ती कसायची कोणी?

निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये नुसता ठेवून या. तारीख-शिक्क्याची पोच मागितली, तर 'अर्ज आलाच नाही' म्हणायची कर्मचाऱ्याची सोय जाते.

आणि लोकअदालतीत तडजोडीचा कागद पुढे आला, की हप्ता किती, तारीख कोणती, एक चुकला तर काय, हे न वाचताच सही ठोका. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे पुढची कटकटच मिटली.