मगर परत तिथेच का सोडतात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बडोद्यातल्या वन्यजीव संस्थांचे वार्षिक अहवाल कसे वाचावेत, या माझ्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं असं: पकडलेल्या प्राण्यांचा आकडा दरवर्षी फुगतो आणि त्यालाच ‘काम’ म्हणतात, शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतली मगर पकडून पुन्हा विश्वामित्रीतच सोडणं हा पोरखेळ आहे, तिला शहराबाहेरच्या आजवा तलावात किंवा नर्मदेत न्यावं, हे सगळं वनखात्यानेच करावं, आणि एवढं होऊनही तुमच्या सोसायटीमागच्या नाल्यात दर पावसाळ्यात मगर येतेच.

आकड्याबद्दल तुमचा संशय रास्त आहे, पण नेम चुकलाय. ऑगस्ट 2024च्या पुरात तीनच दिवसांत शहराच्या वस्तीतून 24 मगरी पकडल्या गेल्या. त्या वर्षीचा आकडा कुठल्याही अहवालात उडी मारणारच. त्यात ना कुणाचा पराक्रम, ना लबाडी. पाऊस आणि आजव्यातून सोडलेलं पाणी बाजूला ठेवून दोन वर्षांची तुलना करण्यात काही हशील नाही. विचारायचं ते हे, की आणलेल्यांपैकी किती परत सोडले, किती दगावले, किती जन्मभरासाठी पिंजऱ्यात राहिले. आणि किती फोन प्राण्याला हात न लावता मिटले? हा शेवटचा रकाना अहवालात क्वचितच सापडतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. कंपाउंडमध्ये धामण दिसली तर ती बहुतेक वेळा आपसूक निघून जाते. तिला पोत्यात घालून दूर नेऊन सोडलं तर अनोळखी जागेत ती आसऱ्यासाठी भटकत राहते आणि गाडीखाली नाहीतर काठीखाली जाते.

आता मगरीचं. आजव्यात मगरी आधीच आहेत. मोठी मगर आपला डोह राखते. नवखी आली की चावे घेऊन हुसकावते. मग ती जखमी होऊन बाहेर पडते, नाहीतर जुन्या जागेच्या ओढीने रस्ते तुडवत मागे फिरते. इकडे रिकामा झालेला डोह फार दिवस रिकामा राहत नाही, दुसरी मगर येऊन बसते. म्हणजे एका मगरीचा प्रश्न दोन ठिकाणी झाला. शिवाय 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. तिला कुठे सोडायचं हे संस्था परस्पर ठरवू शकत नाही, तिथे वनखात्याचाच शब्द चालतो. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आहे: खातं करतंच, संस्थेची माणसं त्याच्या हाताखाली असतात, कारण पुराच्या रात्री खात्याची माणसं पुरत नाहीत.

पकडणं म्हणजे फोटोपुरतं काम, असं तुम्ही लिहिलंत. मगर दमली की धोका टळला असं बघ्यांना वाटतं. तिच्या बाबतीत धोका तिथूनच सुरू होतो. झटापटीत तिचे स्नायू ऑक्सिजनशिवाय ताकद लावतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं, आणि पकडताना धडधाकट दिसलेली मोठी मगर काही तासांनी पिंजऱ्यात मरू शकते. म्हणून पहिलं काम दोर टाकणं नव्हे, गर्दी मागे हटवणं. मग मागच्या बाजूने डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकायचं. अंधार झाला की ती बरीच शांत होते. फास पडल्यावर ती स्वतःभोवती गिरक्या घेते. त्या वेळी दोर ताणून धरला तर गळा आवळला जातो, म्हणून ढील द्यायची. पातळ नायलॉनची दोरी कातडीत रुतते, ती वापरायचीच नाही. जबडा मिटायची ताकद प्रचंड, पण उघडायची अगदी कमी, त्यामुळे रबरी ट्यूबची पट्टी पुरते. फक्त नाकपुड्या मोकळ्या हव्यात. बांधलेल्या तोंडावर ‘बिचारीला तहान लागली असेल’ म्हणून बाटलीने पाणी ओतणारे हमखास भेटतात. त्यांना आवरणं हेही कामच. सोडताना तोंड पाण्याकडे, आधी पायांचे दोर, मग जबडा, आणि डोळ्यांवरचं गोणपाट सगळ्यात शेवटी.

याहून नाजूक काम अहवालात एका ओळीत उरकलेलं असतं: ‘अंडी हलवली’. मगर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. नदीतला गाळ काढायचा, पात्र रुंद करायचं तर तेही पावसाआधीच करावं लागतं. 2025मध्ये विश्वामित्रीवर नेमकं हेच झालं: जेसीबीचा मोसम आणि अंड्यांचा मोसम एकच. अंडं घातल्यावर दिवसभरातच गर्भ आतून वरच्या बाजूला चिकटतो. मग ते उलटं झालं तर गर्भ मरतो. म्हणून उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची, त्याच घरट्यातली माती खोक्यात भरायची, खूण वर ठेवून अंडं बसवायचं. नवा खड्डा तेवढाच खोल आणि तेवढ्याच उन्हातला हवा. घरटं 31 अंशांपर्यंत राहिलं तर सगळ्या माद्या निघतात, साडेबत्तिसच्या आसपास नर. सावलीचं झाड बघून ‘थंड जागा’ निवडली, तर अख्ख्या घरट्याचं लिंग बदलू शकतं.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, मांज्याने जखमी होणाऱ्या पक्ष्यांबद्दल थोडक्यात. दहा ते वीस जानेवारीच्या करुणा अभियानात, म्हणजे गुजरातमधल्या पक्षी वाचवण्याच्या मोहिमेत, किती पक्षी आले यापेक्षा किती परत उडाले ते विचारा. पंखाचा स्नायुबंध कापला गेला असेल तर टाके घालूनही पक्षी सहसा उडत नाही. दोरा ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवायचा, चोचीत पाणी ओतायचं नाही.

राहिला तुमचा नाला. तो विश्वामित्रीला मिळत असेल तर पूर चढला की मगर पाण्याच्या उलट्या वाटेने आत येते, आणि कोंबडीच्या दुकानाचा कचरा किंवा मेलेलं डुक्कर-कुत्रं तिथे मिळालं की मुक्काम करते. सोसायटीने पालिकेकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात: तो कचरा बंद, आणि नाल्याच्या तोंडाशी उभ्या गजांची लोखंडी जाळी. गजांत चार बोटांचं अंतर ठेवा आणि जाळी बिजागरीवर उघडणारी घ्या. पक्की बसवलेली जाळी पहिल्याच पावसात प्लास्टिकने तुंबते, पाणी घरांत शिरतं, आणि मग वैतागून कुणीतरी तिचे गज कापतो.