सवय कॅमेऱ्याची की मीटर वाचण्याची?

मॅन्युअल, म्हणजे हाताने जुळवायचा, फिल्म कॅमेरा शिस्त लावतो आणि स्वयंचलित कॅमेरा छायाचित्रकाराला आळशी करतो, या एका लेखात वाचलेल्या विधानाचा पहिला भाग मला पूर्ण पटतो. दुसरा मात्र अर्धवट वाटतो. १९८२ साली आलेल्या निकॉन एफएम२ या मॅन्युअल कॅमेऱ्यात बॅटरी केवळ प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागते. व्ह्यूफाइंडरमधले, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतले, अधिक, शून्य आणि उणे (प्रकाश जास्त, योग्य की कमी) हे दिवे पाहत ॲपर्चरची, म्हणजे भिंगातल्या प्रकाशाच्या छिद्राची, रिंग फिरवावी लागते, आणि त्यामुळे प्रकाश कुठून येतो आहे हे डोळा आपोआप तपासू लागतो. ही सवय खरोखर मोलाची आहे.

परंतु १९७६ च्या कॅनन एई-१ या स्वयंचलित कॅमेऱ्यातही शटरचा वेग आपणच निवडतो, कॅमेरा ॲपर्चर तेवढे ठरवतो. म्हणजे पळणारे मूल स्थिर टिपायचे की किंचित पुसट ठेवायचे, हा निर्णय आपल्याच हाती राहतो. खरा धोका मीटरवर आंधळा विश्वास ठेवण्यात आहे. समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे मीटर धरून चालतो, त्यामुळे खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडतो. मॅन्युअल कॅमेऱ्यावर निमूटपणे शून्याचा दिवा लावणाऱ्याच्या चित्रातही तो तसाच काळवंडतो. जवळ जाऊन चेहऱ्यावरून मोजमाप घेणे किंवा दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश देणे दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांवर शिकता येते. शिकणाऱ्याच्या हाती आधी मॅन्युअल कॅमेरा द्यावा हे मला मान्यच आहे, फक्त ३६ फ्रेमांचा रोल संपेपर्यंत प्रत्येक चित्राचे ॲपर्चर आणि वेग त्याला वहीत लिहायला लावावे.